प्रश्न तुमचे : घरट्याकडे निघालेला बास

उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवर आणि जलाशयांवर गळ टाकणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. आधी नावाचा घोळ मिटवू. हा बास म्हणजे गोठवलेला मिळतो तो बासा नव्हे, तो पंगॅसियस. जिताड्यालाही इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणतात, पण त्याचंही इथे नातं नाही. लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ बास सनफिशच्या कुळातले, म्हणजे ज्या छोट्या ब्लूगिल माशाला ते गिळतात त्याचेच भाऊबंद. तापमान फॅरनहाइटमध्ये आणि वजनं औंस-पौंडांत दिली आहेत, कारण तिकडच्या थर्मामीटरवर आणि आमिषांच्या पाकिटांवर तीच छापलेली असतात.

प्रश्न : लार्जमाउथ एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घरटी करतो असं वाचून मिझुरीतल्या एका जलाशयावर त्याच आठवड्यात गेलो. काठाला एकही मासा नव्हता. एक मित्र म्हणतो उशीर झाला, दुसरा म्हणतो लवकर गेलास. खरं कोणाचं?

उत्तर : तुमच्या पत्रात पाण्याचं तापमान कुठेच नाही, त्यामुळे दोघांपैकी कोणीही बरोबर असू शकतो. दिवस मोठा होऊ लागला की मादीच्या पोटात गाबोळी भरायला लागते, पण अंडी कधी घालायची ते पाणी ठरवतं. म्हणून दक्षिण फ्लोरिडात हा हंगाम भर हिवाळ्यात सुरू होतो, टेक्सासमध्ये साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, मिझुरी-टेनेसीच्या पट्ट्यात एप्रिल-मे आणि मिनेसोटा-मिशिगनमध्ये मे-जून. शिवाय एकाच जलाशयात दोन टोकांना दोन ऋतू असतात. नदी येऊन मिळते ते वरचं टोक उथळ आणि गढूळ, ते लवकर तापतं. धरणाच्या भिंतीजवळचं पाणी खोल आणि नितळ. ते दोन-तीन आठवडे मागे राहतं. एका टोकाला उशीर झाला असेल तेव्हा दुसऱ्या टोकाला अजून वेळ असतो, हे ध्यानात ठेवलं की हंगाम एकदम दोन-तीन आठवड्यांनी लांबतो.

आकडे असे धरा. 50 अंशांच्या खाली (10 सेल्सियस) मासे हिवाळी जागांवरच असतात. 50 ते 58 मध्ये उथळ पाण्याच्या दिशेने सरकू लागतात. साठच्या आसपास नर काठाला येऊन जागा हेरतो. 62 ते 70 (साधारण 17 ते 21 सेल्सियस) हा अंडी घालण्याचा मुख्य काळ, आणि पंचाहत्तरपर्यंत मागे राहिलेल्या माद्या येत राहतात. सगळे मासे एका दिवशी येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात.

मोजताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. होडीवरचा सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) पृष्ठभागाचं तापमान दाखवतो आणि वारा नसलेल्या दुपारी वरचं वीतभर पाणी खालच्यापेक्षा बरंच गरम असतं. दुपारी चार वाजता 64 दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर सकाळी दोन-तीन फूट खोल मिनिटभर सोडा आणि लागोपाठ तीन सकाळचे आकडे लिहून ठेवा. सकाळचा आकडा चढता असेल तर मासे येताहेत. फक्त दुपारचा चढत असेल तर रात्री पाणी पुन्हा गार पडतंय आणि मासे अजून अलीकडच्या उतारावरच थांबलेले आहेत.

प्रश्न : घरटं करण्याआधीचा मासा सर्वांत मोठा आणि भुकेलेला असतो म्हणतात. पण तो असतो कुठे? एवढ्या मोठ्या जलाशयात सुरुवात कुठून करायची?

उत्तर : या महिन्यातला सर्वांत कामाचा प्रश्न हाच. सुरुवात शेवटच्या ठिकाणाहून करा, म्हणजे घरटं जिथे होणार तिथून, आणि नकाशावर उलटं मागे या.

घरट्याला तीन गोष्टी लागतात: दोन ते सहा फूट पाणी, लाटांपासून आडोसा आणि शेपटीने झाडल्यावर वर येईल असा टणक तळ, म्हणजे वाळू, बारीक खडी, घट्ट माती किंवा मुळांचं जाळं. मऊ गाळात अंडी गुदमरतात, त्यामुळे गाळाची खाडी (म्हणजे काठात आत शिरलेला जलाशयाचा फाटा) कितीही छान दिसली तरी पुढे चला. सूर्य दक्षिणेकडून येतो आणि थंड वारा बहुधा उत्तरेकडून. म्हणून जलाशयाच्या उत्तर आणि वायव्य काठावरच्या खाड्यांना ऊनही जास्त लागतं आणि वारा कमी. त्या आधी तापतात. काळपट तळ असेल तर आणखी लवकर.

अशी एक खाडी निवडली की समपातळी रेषांचा नकाशा उघडा. उथळ सपाटीपासून खोल पाण्याकडे जाताना पहिला ठळक उतार कुठे आहे? जुन्या ओढ्याचं पात्र वळण घेऊन काठाजवळ कुठे येतं? खाडीच्या आत पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक कुठे आहे? हिवाळी जागेकडून सपाटीकडे येणारी मादी याच वाटेने येते आणि याच ठिकाणी थांबते, सहसा सहा ते बारा फुटांवर. पाणी तापलं की पुढे, गारठलं की पुन्हा मागे. खाडीच्या तोंडावरचं मोठं टोक हे पहिलं स्टेशन. आत शिरल्यावरची छोटी टोकं ही त्यानंतरची. पन्नाशीच्या सुरुवातीला तोंडावर गळ टाका, पंचावन्नच्या पुढे आतल्या टोकांवर.

टोकावरही मासा कुठेही नसतो. टोकाला एखादा बुंधा, खडीचा पट्टा, दगडांचा ढीग किंवा पाणवनस्पतीत पडलेली खाच असेल तर तिथेच बघा. पाच-सहा माद्या बैलगाडीएवढ्या जागेत दाटून उभ्या असतात आणि वीस फूट पलीकडे काही नसतं. त्यामुळे एक मासा लागला की होडी तिथेच थांबवा, जागेची खूण करा आणि त्याच कोनातून पुन्हा आमिष टाका. एक मासा पकडून खुशीत पुढे सरकणारा माणूस बाकीचे पाच मागे सोडतो.

जिथे जुना ओढा नाही अशा नैसर्गिक तळ्यात हेच काम पाणवनस्पतीची बाहेरची कड करते. कड जिथे आत वळते तो कोपरा, आणि त्यातही गेल्या वर्षीचं हिरवं गवत टिकून असेल तो, सगळ्यांत आधी तपासा.

प्रश्न : दुकानात शंभर प्रकारची आमिषं दिसतात. वसंतासाठी मोजकी कोणती घ्यावीत आणि ती कोणत्या तापमानाला वापरावीत?

उत्तर : चार पुरतात. पाचवं तुम्ही घेणारच, ते आम्हाला ठाऊक आहे.

48 ते 55 अंशांत, पाणी नितळ असेल तर, पाण्यात एका पातळीवर तरंगत राहणारं जर्कबेट, म्हणजे झटक्यांनी चालवायचा लांबट नकली मासा. दोन झटके, मग थांबा. पन्नासच्या खाली दहा-पंधरा सेकंद थांबा, पंचावन्नला तीन-चार. गार पाण्यातला मासा पाठलाग करत नाही, समोर स्थिर लटकलेली वस्तू मात्र उचलतो, म्हणून जवळपास सगळे घास थांबल्यावरच येतात. कंटाळून हा थांबा छोटा करणं ही इथली नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे आमिष खरोखर स्थिर राहतं का हे न बघणं. होडीशेजारी बुडवून पाहा. नाक वर करून चढत असेल तर पोटाला चिकटणारा शिशाचा ठिपका लावा किंवा पुढचा गळ एका मापाने मोठा घाला. बुडत असेल तर दोरी फार जाड आहे. आठ ते बारा पौंड ताकदीची फ्लुरोकार्बन दोरी पुरे. अगदी सावकाश वर येणारं चालतं, बुडणारं चालत नाही.

50 ते 60 अंशांत, पाण्याखाली गवत असेल तर, अर्ध्या औंसाचं लिपलेस क्रँकबेट, म्हणजे तोंडाशी पट्टी नसलेला, ओढताना थरथरणारा नकली मासा. लाल किंवा क्रॉफिशच्या (गोड्या पाण्यातल्या नांग्यांच्या झिंग्याच्या) रंगाचं घ्या, विशेषतः टेक्सासच्या गवताळ जलाशयांवर. ते गवताच्या शेंड्यात अडकू द्या आणि मग जोरात ओढून सोडवा. सुटल्यावर ते थरथरत खाली जातं, तेव्हा घास येतो. गवताला स्पर्शच होत नसेल तर तुम्ही फार वेगाने ओढताय. तीन टोकांचे गळ असलेल्या अशा आमिषाला कडक रॉड लावू नका. मासा उडी मारून डोकं झटकतो तेव्हा कडक रॉड झटका शोषत नाही आणि गळ उचकटतो. सात फुटी, मधल्यापर्यंत वाकणारा रॉड आणि पंधरा पौंडांची दोरी घ्या.

तिसरं, तीन-अष्टमांश ते अर्ध्या औंसाचं जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, आणि मागे ट्रेलर म्हणून प्लास्टिकचा तुकडा. टोकांवर, बुंध्यांवर, जेटीच्या खांबांशी तळाला घासत आणा. हे कुठल्याही तापमानाला चालतं आणि मोठ्या माद्यांना आवडतं. फक्त गार पाण्यात ट्रेलर कमी हलणारा हवा, साठच्या पुढे फडफडणारा.

चौथं, साठच्या पुढे, पाच इंची जाड काडीसारखं मऊ प्लास्टिक. ‘सेन्को’ या नावाने प्रसिद्ध झालेला प्रकार. शिसं न लावता बरोबर मध्यावर गळ टोचायचा, टाकायचं आणि काहीही करायचं नाही. दोन्ही टोकं थरथरत ते आपोआप खाली जातं. दोरी तिरकी सरकली की घास आला. नवशिक्याचं नुकसान बहुधा रीळ सतत फिरवल्याने होतं.

प्रश्न : टेक्सास रिगमध्ये (पुढे शिसं आणि गळाचं टोक प्लास्टिकमध्ये लपवलेलं) घास जाणवतो, हिसका देतो, पण दहापैकी सात वेळा मासा सुटतो. शिवाय दोरीला पीळ पडतो.

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा प्लास्टिक गळावर कसं बसवलंय त्यातच आहे. एकदा नीट करून बघा.

दोरी आधी गोळीच्या आकाराच्या शिशातून ओवा, टोकदार बाजू रॉडकडे. मग गळ बांधा. रुंद वळण असलेला 4/0 मापाचा गळ बहुतेक आमिषांना पुरतो. प्लास्टिकचा किडा बारीक असेल तर 3/0, फुगीर क्रिएचर (पाय-नांग्या असलेलं प्लास्टिक) असेल तर 5/0. गळाचं टोक प्लास्टिकच्या नाकात सरळ पाव इंच घाला आणि बाजूने बाहेर काढा. प्लास्टिक गळाच्या डोळ्यापर्यंत सरकवा आणि गळ अर्धा फिरवा. आता गळाला प्लास्टिकशेजारी मोकळा लोंबू द्या आणि वळण जिथे टेकतं ती जागा नखाने पकडा. तिथूनच आरपार टोचायचं, अंदाजाने नाही. जागा अर्ध्या सेंटिमीटरने चुकली तरी आमिष वाकडं होतं, वाकडं आमिष ओढताना भिरभिरतं आणि तोच तुमचा पीळ. शेवटी टोक पाठीच्या कातडीखाली जेमतेम लपवा.

मासा सुटण्याची कारणं बघू. जाड प्लास्टिक आणि छोटा गळ असेल तर हिसक्याबरोबर प्लास्टिकचा गोळा होतो आणि टोक बाहेरच येत नाही. दुसरं म्हणजे ढिली दोरी. घास जाणवल्यावर रॉड खाली आणून सैल दोरी गोळा करा आणि मग वर ओढा. सैल दोरीवर हिसका दिला तर अर्धी ताकद दोरी ताणण्यातच जाते. तिसरं, बोथट टोक. नखावर टेकवून हलकेच ओढा. घसरलं तर गळ बदला.

गाठ पॅलोमारची घाला आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी फ्लुरोकार्बन घासून तापते आणि गाठीपाशी कमजोर होते. दोरी नेमकी गाठीपाशी तुटून मासा जात असेल तर दुसरं काही शोधू नका. दाट गवतात शिसं आमिषापासून दूर सरकून अडकतं, तिथे त्याच्यावर रबरी स्टॉपर लावून ते जागीच ठेवा. मोकळ्या तळावर मात्र स्टॉपर नको; मोकळं शिसं आधी पडतं आणि प्लास्टिक मागून तरंगत येतं, तेच जास्त चांगलं.

प्रश्न : जेटीशेजारी घरट्यावर बसलेला मोठा मासा स्वच्छ दिसतो. आमिष टाकलं की लांब जातो, परत येतो, पण तोंड लावत नाही. काय करावं? आणि हे करणं योग्य आहे का?

उत्तर : आधी काय दिसतंय ते ओळखा. गडद तळावर दोन-तीन फूट व्यासाचा फिकट गोल खळगा म्हणजे घरटं. त्यावर कायम असतो तो नर, सहसा पौंड-दोन पौंडांचा. शेपटी झिजून तिची कड लालसर झालेली दिसते, कारण खळगा त्यानेच झाडलाय. मादी त्याच्यापेक्षा बरीच मोठी असते. ती थोड्या वेळासाठी येते, अंडी घालते आणि निघून जाते, कधी दुसऱ्या नराच्या घरट्यावरही. दोन ते पाच दिवसांत अंडी फुटतात. पिलं खळग्यातून वर आल्यावरही नर त्यांच्या थव्याबरोबर आणखी काही दिवस, कधी दोन आठवड्यांहून जास्त, पहारा देतो. या काळात तो भूक लागली म्हणून तोंड मारत नाही, घुसखोराला हाकलतो.

परत येतो पण तोंड लावत नाही, याचा अर्थ बहुधा तो तुम्हाला पाहतो आहे. होडी मागे घ्या, तुमची सावली घरट्यावर पडू देऊ नका आणि खाली बसा. आमिष घरट्याच्या पलीकडे टाकून आत सरकवत आणा. घरट्यात एखादी छोटी जागा अशी असते, बहुतेकदा एका कडेजवळ, की आमिष तिथे आलं की मासा नाक खाली करून वळतो. तिथेच ते थांबवा आणि जागेवरच हलवा. पांढरं आमिष घ्या, म्हणजे ते तोंडात गेल्यावर दिसेनासं होतं आणि घास कळतो. हाताला तो अनेकदा जाणवतच नाही. मासा प्रत्येक वेळी दूर जाऊन मिनिटभराने परतत असेल, तर तो जागेला अजून बांधला गेलेला नाही. त्याला सोडून द्या, संध्याकाळी पाहा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. घरट्यावरून नर उचलला की ब्लूगिल आणि क्रॉफिश काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. नर परत सोडला तरी काही वेळा तो घरटं टाकून जातो, आणि जितका जास्त वेळ बाहेर ठेवाल तितकी ती शक्यता वाढते. मोठ्या जलाशयात काही घरटी गेल्याने एकूण माशांवर किती परिणाम होतो याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. लहान तळ्यात मात्र आम्ही घरट्यावरचा मासा सोडूनच देऊ. पकडलाच तर अर्ध्या मिनिटाच्या आत, तिथेच सोडा. होडीच्या टाकीत घालून दिवसभर मिरवू नका. आजूबाजूला ब्लूगिलची टोळी फिरताना दिसत असेल तर गळ टाकूच नका. खरं तर वर सांगितलेल्या उतारावर, घरट्याकडे निघालेल्या माद्या यापेक्षा मोठ्याही असतात आणि आनंदाने खातातही. घरट्यावर तासभर घालवण्यात आम्हाला फायदा दिसत नाही.

प्रश्न : चार दिवस झकास मासे मिळाले, मग थंडीची लाट आली आणि सगळे गेले. कुठे गेले?

उत्तर : फार लांब नाही. लाटेनंतरच्या दिवशी आकाश लखलखीत निळं, हवेचा दाब जास्त, उत्तरेचा वारा. उघड्यावरचे मासे दोनपैकी एक करतात: जवळच्या पहिल्या उतारावर मागे सरतात किंवा त्याच उथळ भागात सर्वांत दाट आडोशात, जेटीखाली, पडलेल्या झाडाच्या पोटात शिरतात. उतारावर जिग हळू ओढा. आडोशात टेक्सास रिग सरळ खाली सोडा, अर्ध्या औंसाचं शिसं लावून, म्हणजे ते फांद्यांतून खाली पोहोचेल. तोंडासमोर टाकावं लागतं, एक फूटही हलायची त्यांची तयारी नसते. सकाळी लवकर उठण्यात अर्थ नाही, दुपारी एक ते चार बघा.

जलाशयाची पातळी उतरत असेल तर गोष्ट वेगळी. दोन फूट पाणी कमी झालं तर घरटी उघडी पडतात आणि नर ती टाकून देतात. धरणाच्या पातळीचा रोजचा आकडा बहुधा जाहीर होतो, तो बघूनच निघा.

प्रश्न : पौर्णिमेला सगळे मासे अंडी घालतात हे खरं का?

उत्तर : पाणी साठच्या पुढे असेल आणि पौर्णिमा आली तर मासे उथळात दिसतात, आणि लोक श्रेय चंद्राला देतात. पाणी 52 असताना आलेली पौर्णिमा कोणाच्या लक्षात राहत नाही. थर्मामीटर आणि पंचांग यांत मतभेद झाला तर थर्मामीटरचं ऐका.

प्रश्न : आमच्या तळ्यात स्मॉलमाउथ जास्त. हेच सगळं त्यालाही लागू पडतं का?

उत्तर : क्रम तोच, जागा आणि खोली वेगळी. स्मॉलमाउथ जरा लवकर येतो; पंचावन्नच्या पुढे घरटी दिसू लागतात आणि साठच्या आसपास जोर धरतो. त्याला खडी, गोटे आणि शेजारी एखादा मोठा दगड किंवा बुडालेला ओंडका लागतो. पाणी नितळ असेल तर घरटं दहा-बारा फुटांवर, कधी त्याहूनही खोल असतं, म्हणून काठाला न दिसल्याने निराश होऊ नका. खाडीच्या अगदी आतल्या टोकापर्यंत तो फारसा शिरत नाही. मोकळ्या पाण्याला लागून असलेल्या खडीच्या सपाट्या बघा.

आमिष छोटं. साडेतीन इंची ट्यूब (नळीसारखं पोकळ प्लास्टिक), आत पाव औंसाचं जिगहेड, म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ, तळावर थोडं ओढायचं आणि थांबायचं. किंवा नेड रिग: अळंबीच्या आकाराचं एक-दशांश ते तीन-सोळांश औंसाचं डोकं आणि पावणेतीन इंचांचा प्लास्टिकचा तुकडा, जो तळावर शेपूट वर करून उभा राहतो. रॉड हलका, स्पिनिंग रीळ, दहा पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि पुढे सहा ते आठ पौंडांची फ्लुरोकार्बन. हिसका देऊ नका, फक्त रॉड उचलून दाब ठेवा. बारीक गळ जोराच्या हिसक्याने सरळ होतो. वारा सुटला तर घरी जाऊ नका. लाटांनी पृष्ठभाग तुटला की नितळ पाण्यातला स्मॉलमाउथ धीट होतो.

प्रश्न : मे संपताना मासे अचानक दिसेनासे होतात.

उत्तर : माद्या थकून पहिल्या खोल उतारावर किंवा जेटीच्या सावलीत अधांतरी उभ्या राहतात, आठवडाभर खाण्यात त्यांना रस नसतो. वजनरहित प्लास्टिक हळू बुडवत न्या, मिळतील त्या घ्या. नर मात्र पिलांपाशी असतो. काठाजवळ पिलांचा काळपट ढग दिसला तर तो शेजारीच आहे. त्यालाही राहू द्या.

खरी मजा दुसरीकडे असते. पाणी सत्तरच्या आसपास गेलं की शॅड मासे पहाटे अंडी घालायला काठाच्या दगडांना, जेटीच्या फ्लोटला आणि गवताच्या कडेला येतात. पाण्यावर चांदीचे तुकडे उडावेत तसं दिसतं. बास त्यांच्या खालीच असतो. पांढरं स्विम जिग (ओढत पोहवायचं जिग) किंवा स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष) दगडांना समांतर ओढा. ऊन वर आलं की अर्ध्या-पाऊण तासात खेळ संपतो, म्हणून अंधारातच पोहोचा. त्यानंतर ब्लूगिलची घरटी होतात, एकमेकांना चिकटून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. त्या वसाहतीच्या खोल बाजूला पृष्ठभागावरचं आमिष किंवा गवतावरून रबरी बेडूक चालवा.

प्रश्न : विक्रमी मासे गाबोळी भरलेल्या माद्याच असतात ना?

उत्तर : सर्वांत मोठे दोन तरी वसंतातले नाहीत. जॉर्ज पेरी यांचा 22 पौंड 4 औंसांचा लार्जमाउथ जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकवर 2 जून 1932 रोजी लागला. मनाबू कुरिता यांचा जपानच्या बिवा सरोवरात 2 जुलै 2009 रोजी, जिवंत ब्लूगिलच्या आमिषावर. तो 22 पौंड 4.97 औंस भरला, पण जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोन्ही बरोबरीचे मानले जातात.

प्रश्न : मासा पकडून सोडणार असू तर परवान्याची आणि हंगामाची काळजी करायची गरज आहे का?

उत्तर : आहे. परवाना सोडण्यासाठीही लागतो. हंगामाचे नियम दर राज्यात, कधी दर तळ्यावर वेगळे. मिशिगनमध्ये पकडून लगेच सोडायची मुभा वर्षभर आहे, मासा घरी न्यायला ठरलेला हंगाम. दक्षिण ऑन्टारियोच्या बऱ्याच भागात बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धातच उघडतो आणि त्याआधी ‘सोडूनच देणार होतो’ हे कारण चालत नाही. त्या वर्षीचं नियमपत्रक त्या राज्याच्या मत्स्य विभागाकडून घ्या. गेल्या वर्षीच्या छापील पुस्तिकेवर विसंबू नका.

सोडताना हात ओले करा. मोठी मादी खालच्या जबड्याला एकाच हाताने आडवी धरून फोटो काढू नका, सगळं वजन जबड्याच्या सांध्यावर येतं. दुसरा हात पोटाखाली हवा. गळ घशात खोल गेला असेल आणि कल्ल्यातून पोहोचता येत नसेल तर दोरी कापून सोडा, उचकटून काढण्यापेक्षा मासा त्याने जास्त वेळा जगतो.

प्रश्न : पोलराइज्ड चष्मा कोणत्या रंगाचा घ्यावा?

उत्तर : उथळ पाणी, ढग किंवा सकाळ असेल तर तांबूस किंवा अंबर. रखरखीत उन्हात मोकळ्या पाण्यावर राखाडी. एकच घ्यायचा तर तांबूस. टोपीच्या कडेची खालची बाजू गडद असू द्या, नाहीतर पाण्यावरून परतलेला उजेड तिथून काचेच्या आतल्या बाजूवर पडतो आणि महागडा चष्माही आंधळा होतो.